चित्रफीत, पारखी पडदा आणि संकलकाचे नवे यंत्र

२१ जून २०११ रोजी अमेरिकेतील अ‍ॅपल या संगणक बनविणाऱ्या कंपनीने चित्रसंकलनाचे एक नवे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याचे नाव ‘फायनल कट प्रो एक्स’. यातला एक्स म्हणजे रोमन आकड्यातला दहा. किंमत तीनशे डॉलर, म्हणजे आधीच्या संचाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. माल स्वस्त, चपळ आणि दिसायला देखणा. अशा वस्तूचे एरवी स्वागतच व्हायचे. पण थोड्याच दिवसांत संकलकांनी एवढा गिल्ला केला, की हजारो सह्यांचा अर्ज निघाला. आणि अमेरिकेतल्या एका नामांकित विनोदी कार्यक्रमाच्या संकलकांनी तर त्याची टिंगल करणारी छोटी चित्रफीतच तयार करून दाखवली. तक्रारी पुष्कळ होत्या. त्यांतल्या दोघींची मुळे मात्र फार खोल गेलेली होती. फितीवरचे चित्र या सॉफ्टवेअरला धडपणे आत घेता येत नव्हते, आणि तयार झालेला कार्यक्रम पुन्हा फितीवर उतरवता येत नव्हता, ही एक. आणि संकलकाच्या टेबलावर दूरचित्रवाणीचा जो वेगळा पारखी पडदा असतो, ज्याला मॉनिटर म्हणतात, त्याच्याकडे चित्र पाठविण्याची सोय नव्हती, ही दुसरी.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाला स्वतःचा पडदा असताना हा आणखी एक पडदा हवा कशाला? आणि फितीचे दिवस भरतच आले होते, तर तिच्यासाठी एवढा आकांत का? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरे २०११ सालात सापडायची नाहीत. त्यासाठी आणखी पंचावन्न वर्षे मागे गेले पाहिजे.

दूरचित्रवाणी सुरुवातीला सगळी जिवंतच असे. नट कॅमेऱ्यापुढे बोलला, की ते बोलणे त्याच क्षणी घराघरांत पोचायचे आणि तिथेच विरून जायचे. जपून ठेवायचे म्हटले, तर एकच उपाय होता: पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून त्याचा चित्रपट घ्यायचा. याला किनेस्कोप म्हणत. चित्र अंधुक यायचे, फिल्म धुण्यात वेळ जायचा, आणि अमेरिकेला तर हा वेळ फारच महाग पडे. कारण तो देश एवढा रुंद, की न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे पाचच वाजलेले असतात. पूर्वेकडचा रात्रीचा कार्यक्रम पश्चिमेकडच्या लोकांना त्यांच्या रात्रीच दाखवायचा, तर मधल्या तीन तासांत फिल्म काढायची, धुवायची, सुकवायची आणि ओली-सुकी तशीच चालवायची. रोज संध्याकाळी ही धावपळ!

आवाज मात्र फितीवर साठविता येऊ लागला होता. जर्मनीत १९३५ सालच्या बर्लिनच्या प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांना दाखविले गेले. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजाचा बारीक लेप, आणि त्या लेपावर चुंबकाने उमटविलेला आवाज, अशी ती करामत. युद्ध संपल्यावर जॅक मुलिन या अमेरिकन लष्करी अभियंत्याने अशी दोन यंत्रे सुटी करून मायदेशी नेली. बिंग क्रॉस्बी हा तिथला लोकप्रिय गायक. रेडिओवर दर आठवड्याला जिवंत गाण्याचा त्याला कंटाळा. त्याने या तंत्रावर पैसा लावला, आणि कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅम्पेक्स या लहानशा कंपनीला त्यातून उभारी आली. गवयाच्या आळसातून एवढा मोठा धंदा उभा राहिला, असे म्हटले तरी चालेल.

पण आवाज वेगळा आणि चित्र वेगळे. आवाजाची कंपने सेकंदाला फार तर पंधरा-वीस हजार. चित्राची काही लाख, किंबहुना काही दशलक्ष. एवढी कंपने फितीवर बसवायची, तर ती चुंबकापुढून विलक्षण वेगाने पळविली पाहिजे. लंडनच्या बीबीसीने तेच करून पाहिले. त्यांचे ‘व्हेरा’ नावाचे यंत्र फीत सेकंदाला दोनशे इंच या वेगाने ओढायचे. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाला पंधरा हजार फूट फीत, म्हणजे जवळपास तीन मैल! चाके एवढी मोठी, की यंत्राजवळ उभे राहायची भीती वाटावी.

अ‍ॅम्पेक्सच्या माणसांनी वेगळा विचार केला. शेत लांबीने नांगरण्याऐवजी आडवे नांगरले तर? दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला पंधराच इंच सरकवायची, आणि चार चुंबक बसविलेले एक चाक तिच्या रुंदीवर आडवे गरगर फिरवायचे; मिनिटाला १४,४०० फेरे. फीत सावकाश चालते, पण चुंबकाची टोके तिच्यावरून प्रचंड वेगाने जातात आणि आडव्या तासांमागून तासे उमटत जातात. चार्ल्स गिन्सबर्ग या कामाचा प्रमुख होता. त्याच्या हाताखाली पाच-सहा माणसे. त्यांतला एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, रे डॉल्बी. पुढे ज्याच्या नावाची पाटी सिनेमागृहांतून झळकू लागली, तोच हा डॉल्बी. मधे वरिष्ठांनी हे काम बंद केले होते, डॉल्बीला लष्करात जावे लागले होते. तरीही चिकाटीने ते तडीस गेले.

१४ एप्रिल १९५६. शिकागो शहरात प्रसारण-व्यावसायिकांचे संमेलन भरायचे होते. त्याआधी सीबीएस या कंपनीने आपल्या केंद्रांच्या सुमारे दोनशे लोकांची सभा बोलावली. कंपनीचे अभियांत्रिकी प्रमुख विल्यम लॉज यांचे भाषण चालू होते आणि सभागृहात ठेवलेल्या मॉनिटरांवर त्यांचे चित्र दिसत होते. भाषण संपले. पण पडद्यावरचे लॉज पुन्हा पहिल्या वाक्यापासून बोलू लागले! आपण पाहतो आहोत ते आत्ताचे नाही, थोड्या वेळापूर्वीचे आहे, हे लोकांच्या ध्यानात यायला काही क्षण जावे लागले. मग पडदा सरकला, मागचे यंत्र दिसले, आणि माणसे उठून उभी राहिली. काहीजण तर खुर्च्यांवर चढले म्हणतात. त्या यंत्राची किंमत पुढे पन्नास हजार डॉलरच्या घरात होती, तासाभराच्या फितीला सुमारे तीनशे डॉलर पडत. तरी मागणीला तोटा नव्हता. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने आपल्या संध्याकाळच्या बातम्या पश्चिम किनाऱ्यासाठी फितीवरून लावल्या. तीन तासांचे ते दुखणे त्या दिवशी बरे झाले.

या सभेतली एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोकांना खात्री पटली ती पडदा पाहून. फीत पाहून नव्हे. सिनेमाची फिल्म उजेडासमोर धरली, की चौकटीमागून चौकट डोळ्यांना दिसते. चित्रफितीचे तसे नाही. ती उजेडात धरा, भिंगाखाली धरा. तपकिरी पट्टीपलीकडे काही म्हणून दिसायचे नाही. चित्र आहे, पण आंधळ्या कोठारात आहे. ते बरे आहे की वाईट, रंग खरा आहे की खोटा, हे सांगणारा एकच साक्षीदार, तो म्हणजे मॉनिटर. फीत आणि मॉनिटर ही जोडी अशी पहिल्या दिवसापासून एकमेकांशी बांधलेली आहे.

आणि अशा आंधळ्या फितीची जुळणी कशी करायची? सुरुवातीला कात्रीने, म्हणजे अक्षरशः पाते चालवून! पण कुठेही कापून चालत नसे. अमेरिकेतल्या पद्धतीत सेकंदाला तीस चौकटी; म्हणजे एक चौकट फितीवर अर्ध्या इंचात मावायची. दोन चौकटींच्या मधल्या सांध्यातच पाते पडले पाहिजे, नाही तर पडद्यावरचे चित्र कोलमडायचे. हा सांधा शोधण्यासाठी फितीच्या कडेवर लोखंडाची अतिबारीक पूड मिसळलेले द्रव लावीत. द्रव उडून जाई आणि जिथे चुंबकाचा ठोका होता तिथे पूड चिकटून बारीक रेघा उमटत. त्या रेघा सूक्ष्मदर्शकातून पाहायच्या, नेमक्या ठिकाणी कापायचे, आणि मागून पातळ धातूची पट्टी चिकटवायची. त्यातही एक मेख होती. यंत्रात आवाजाचा चुंबक चित्राच्या चुंबकापासून नऊ इंचांच्या आसपास दूर. त्यामुळे एखाद्या चित्राचा आवाज फितीवर त्याच्यासमोर नसून अर्धा-पाऊण सेकंद अलीकडे-पलीकडे असायचा. चित्र नीट कापावे तर शब्द तुटायचा. अशा कामात एक जोड साधायला कितीतरी मिनिटे लागत, आणि चुकलेली फीत कायमची चुकलेली.

महागाईपायी आणखी एक नुकसान झाले, तेही सांगितले पाहिजे. चित्रफीत पुसून पुन्हा वापरता येते. हा तिचा गुण. पण याच गुणाने घात केला. बीबीसीने साठ आणि सत्तर सालच्या दशकांत असंख्य कार्यक्रम पुसून त्यांच्या फिती पुन्हा कामाला लावल्या. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या गाजलेल्या मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी शंभराच्या आसपास भाग अशा रीतीने मूळच्या संग्रहातून नाहीसे झाले. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या चित्रणाच्या मूळ नोंदी ज्या फितींवर होत्या, त्याही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे अमेरिकेच्या नासा संस्थेने २००९ मध्ये शोध घेऊन सांगितले. चंद्रावरचे जे दृश्य आपण पाहतो, ते प्रसारणासाठी रूपांतर केलेल्या प्रतींवरून. घरची धान्याची कणगी रिकामी केली आणि बियाण्याचे पोतेही त्यातच गेले, असा हा प्रकार.

कात्रीचा काळ फार टिकला नाही. साठच्या दशकात दोन यंत्रे जोडून, एकावरचे चित्र दुसऱ्यावर उतरवीत जोडणी करण्याची रीत आली. फीत कापायची गरज उरली नाही. पण नवी अडचण उभी राहिली, ती म्हणजे दोन्ही यंत्रे एका चालीत आणण्याची. बैलजोडी एकदम धावू लागत नाही. आधी चार पावले टाकून जोखड सारखे होते आणि मग गाडीला वेग येतो. तसेच इथे. जोडाच्या पाच-सात सेकंद आधीपासून दोन्ही फिती चालवायच्या, त्यांची चाल एक व्हायची, आणि नेमक्या क्षणी नोंद सुरू करायची. तो नेमका क्षण ओळखायचा कसा? यासाठी १९६७ च्या सुमारास टाइमकोड आला, आणि माझ्या मते फितीच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा शोध. प्रत्येक चौकटीला तिचा स्वतःचा क्रमांक: तास, मिनिट, सेकंद, चौकट. जसा जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला गट नंबर असतो आणि सातबाऱ्यावर तो पाहिला की वाद मिटतो, तसे हे. अमुक फीत, अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंत, एवढे कागदावर लिहिले, की जगातल्या कोणत्याही संकलन-खोलीत तोच तुकडा हुबेहूब काढता येऊ लागला.

मग संगणक आला. १९७१ मध्ये सीएमएक्स-६०० नावाचे यंत्र निघाले. त्यात चित्र कपाटाएवढ्या तबकड्यांवर काळे-पांढरे साठवीत, एका तबकडीसंचावर पाचेक मिनिटे, आणि संकलक प्रकाशलेखणीने पडद्यावर टोचून जोडण्या ठरवी. किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात. अशी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच विकली गेली. पण त्याच कंपनीने जोडण्यांची यादी लिहिण्याची जी रीत घालून दिली, ती आजची सॉफ्टवेअरेही वाचतात. यंत्र गेले, टिपण राहिले.

दरम्यान फीत कॅसेटमध्ये शिरली. १९७१ मध्ये सोनीची पाऊण इंची यू-मॅटिक, १९८२ मध्ये अर्धा इंची बीटाकॅम. आपल्याकडे दिल्लीला दूरदर्शन १९५९ साली सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि १९८२ च्या एशियाडच्या वर्षी रंग आला. पुढे बातम्यांची धाव बीटाकॅमच्या कॅसेटवरच चाले. कार्यक्रम सोपवायचा म्हणजे कॅसेट सोपवायची, असा शिरस्ताच पडला. त्या कॅसेटच्या सुरुवातीला रंगांच्या उभ्या पट्ट्या, एक सारखा सूर, नावाची पाटी, आणि ठरलेल्या क्रमांकावर कार्यक्रमाचे पहिले चित्र. केंद्रावरचा तंत्रज्ञ ती मॉनिटरवर लावून तपासायचा. चित्र फार भडक असले, तर कॅसेट परत!

या तपासणीविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण दुसऱ्या पडद्याचे गुपित इथेच आहे. दूरचित्रवाणीचे चित्र एका दमात रंगवले जात नाही. आपल्या देशात सेकंदाला पंचवीस चौकटी. पण जुन्या पद्धतीत प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत यायची. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. विणकर आधी एक पदर उचलतो मग दुसरा, तसे. समजा जुळणी करताना या दोन हप्त्यांचा क्रम उलटा झाला. संगणकाच्या पडद्यावर ते बहुधा कळतच नाही, कारण तो सबंध चौकट एकदम दाखवितो. पण तेच चित्र घरच्या दूरचित्रवाणी संचावर लागले, की धावणारा खेळाडू दोन पावले पुढे आणि एक मागे असा थरथरू लागतो. हा दोष पाठविण्यापूर्वी पाहायचा, तर दूरचित्रवाणीच्याच जातीचा पडदा समोर हवा.

रंगांचेही तसेच. दूरचित्रवाणीच्या चित्रात सर्वांत काळा रंग कुठे संपतो आणि सर्वांत पांढरा कुठे, याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. संगणकाच्या पडद्याच्या मर्यादा वेगळ्या. एकावर पाहून दुसऱ्यासाठी रंग ठरविणे म्हणजे दिव्याच्या उजेडात साडी निवडून ती उन्हात नेसण्यासारखे आहे. म्हणून संकलक मॉनिटरला आधी स्वतःची परीक्षा द्यायला लावतात. त्या रंगपट्ट्या लावायच्या, तांबडा आणि हिरवा बंद करून एकटा निळा ठेवायचा, आणि पट्ट्यांची उजळी सारखी होईपर्यंत कळ फिरवायची. मगच त्या पडद्यावर विश्वास. शिवाय बाजूला दोन यंत्रे असतात: चित्राची उजळी आलेखाने दाखविणारे एक आणि रंगाची दिशा दाखविणारे दुसरे. डोळा दमतो, फसतो. आलेख दमत नाही. चेहऱ्याचा रंग मात्र शेवटी डोळ्यानेच पाहावा लागतो, असे जुने तंत्रज्ञ सांगत, आणि ते मला पटते.

पुढचा टप्पा लवकर उरकू. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीचे संगणकावर चालणारे संकलनयंत्र बाजारात आले. फितीवरचे चित्र आधी संगणकाच्या तबकडीत उतरवायचे, तिथे हवे तसे पुढे-मागे करायचे, आणि पुन्हा फितीवर काढायचे. १९९५ मध्ये डीव्ही नावाची छोटी, आकड्यांत नोंद करणारी कॅसेट आली, आणि १९९९ मध्ये अ‍ॅपलचे पहिले ‘फायनल कट प्रो’. हजार डॉलरचे सॉफ्टवेअर, एक कॅमेरा आणि मधे एक तार. एवढ्यावर संकलनाचे दुकान मांडता येऊ लागले. याआधी त्याच कामाला हजारो डॉलरची सामग्री लागे. मुंबईच्या संकलन-खोल्यांतही हे सॉफ्टवेअर चांगले रुळले. त्याचा कर्ता रँडी युबिलॉस; २०११ च्या नव्या सॉफ्टवेअरमागेही प्रमुख हात त्याचाच होता. तेव्हा संकलकांचे काम न समजणाऱ्या कोणी ऐऱ्यागैऱ्याने ते बिघडविले, असे म्हणता यायचे नाही.

या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फितीला मानाचे पान होते. संकलक कॅसेट लावी, टाइमकोडचे क्रमांक नोंदवी आणि हवे तेवढेच तुकडे आत घेई. समजा सहा महिन्यांनी संगणकाची तबकडी जळाली. हरकत नाही! क्रमांकांची यादी आणि कपाटातल्या कॅसेट असल्या, की यंत्र एकेक कॅसेट मागून घेऊन सबंध कार्यक्रम पुन्हा उभा करी. कॅसेट हे संकलकाचे बियाणे होते. फळीवर बियाणे आहे म्हटल्यावर एखादे पीक बुडाले तरी झोप लागते.

आणि अशा वेळी २१ जून उजाडला. नव्या ‘फायनल कट’ने जुन्या ‘फायनल कट’ची कामे उघडायला नकार दिला. कॅसेट घ्यायची, तर तारेने जोडलेल्या कॅमेऱ्यातून जमेल तेवढी. यंत्रावर हुकूम चालवून क्रमांकाप्रमाणे तुकडे घेण्याची सोय गेली. तयार कार्यक्रम फितीवर काढायची सोय गेली. जोडण्यांची यादी देण्याची सोय गेली. पारखी पडदा गेला. आणि याच दिवशी जुन्या संचाची विक्रीही कंपनीने थांबविली. नवी विहीर खणली, तिला पाणी लागायचे आहे, आणि जुनी त्याच दिवशी बुजविली. मग गावाने काय करावे? ज्यांच्या कामाची कॅसेट आठवड्याने केंद्रावर जायची होती, त्यांच्या पोटापाण्याचा हा प्रश्न होता.

कंपनीने थोड्याच दिवसांत प्रश्नोत्तरे छापून खुलासा केला. फितीबद्दल उत्तर असे होते, की यंत्रावर हुकूम चालवायचा असेल, तर एजेए आणि ब्लॅकमॅजिक यांसारख्या, जोडपेट्या बनविणाऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे फुकट मिळतात, ती वापरावीत. अ‍ॅडोबी आणि अ‍ॅव्हिड या प्रतिस्पर्ध्यांनी संधी साधून सवलतीच्या किमती लावल्या, आणि पुष्कळ संकलक तिकडे गेले. सप्टेंबरात जुना संच दूरध्वनीवरून मागणाऱ्यांना पुन्हा मिळू लागला. ३१ जानेवारी २०१२ च्या सुधारणेत पारखी पडद्याला चित्र देण्याची सोय प्रायोगिक रूपात परतली. फीत मात्र परतली नाही.

माझा कौल विचाराल, तर फितीच्या बाबतीत कंपनीचा अंदाज चुकीचा नव्हता. त्याच वर्षीच्या ११ मार्चला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीचा महाप्रलय झाला. सेंदाई शहराजवळचा सोनीचा कारखाना त्यात पाण्याखाली गेला. मोठ्या दर्जाच्या दूरचित्रवाणी कामाला लागणारी एचडीकॅम-एसआर ही फीत तिथे बनत असे. जगभर तिचा एकाएकी दुष्काळ पडला. आणि हॉलिवुडच्या स्टुडिओंना, केंद्रांना फितीवाचून, नुसत्या संगणकातल्या फायलींवर कार्यक्रम सोपविण्याची सवय नाइलाजाने लावून घ्यावी लागली. कॅमेरेही तोवर फीत टाकून छोट्या कार्डांवर नोंद करू लागले होते. २०१६ मध्ये सोनीने अर्धा इंची व्यावसायिक फीतयंत्रांची विक्रीच बंद केली. फीत जाणारच होती; तिला एका दिवसात दाराबाहेर काढले, हा उतावळेपणा. पारखी पडद्याचे मात्र तसे नाही. त्याची गरज फितीमुळे नव्हतीच. पाहणाऱ्याच्या घरचा पडदा आणि करणाऱ्याच्या टेबलावरचा पडदा यांत फरक आहे, तोवर ती राहणार. आज काचेच्या फुगीर नळ्यांचे मॉनिटर गेले, सपाट आले, दोन हप्त्यांत येणारे चित्रही बरेचसे मागे पडले. पण रंगाची जबाबदारी असलेल्या खोलीत तो वेगळा पडदा अजून आहे.

राहता राहिल्या कपाटातल्या फिती. हा प्रश्न फक्त मोठ्या केंद्रांचा नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत लग्ने, गणेशोत्सव, शाळांची स्नेहसंमेलने, कीर्तने, तमाशाचे फड व्हीएचएसच्या कॅसेटवर घेतले गेले. त्यांतल्या पुष्कळांची दुसरी प्रत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनिसंग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या फिती संगणकात उतरणार नाहीत, त्यांतल्या बहुतेक हाती लागायच्या नाहीत. दोन कारणे. फितीचा लेप धरून ठेवणारी खळ हवेतली ओल शोषून चिकट होते. आणि फीत वाचणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग, ती दुरुस्त करणारी माणसे दुर्मिळ होत जातात. पहिल्यावर थोडा तरी इलाज आहे: काही जातींच्या फिती मंद, मोजक्या उष्णतेत तासन्‌तास ठेवल्या, की काही दिवसांपुरत्या वाचण्याजोग्या होतात. पण हे काम जाणकाराचे. घरच्या चुलीवर प्रयोग करू नये, बरं का. दुसऱ्या कारणावर इलाज सापडलेला नाही.

गंमत अशी, की मोठ्या संग्रहालयांनी फितीवरून उतरवून घेतलेल्या फायली ठेवल्या कुठे, तर पुन्हा फितीवरच! एलटीओ नावाची अर्धा इंची संगणकी फीत २००० साली आली. दीर्घकाळ ठेवण्याला ती स्वस्त पडते, विजेवाचून कपाटात पडून राहू शकते. मात्र काही वर्षांनी नव्या पिढीची यंत्रे जुन्या पिढीची फीत वाचीत नाहीत, म्हणून ठरावीक काळाने सगळे नव्या फितीवर उतरवावे लागते. धान्य उन्हात घालण्यासारखे हे काम वरचेवर करावे लागते.

ज्या शाळांच्या कपाटांत अशा कॅसेट असतील, त्या शिक्षक मंडळींनी आधी त्यांवरची चिठ्ठी वाचून पाहावी. गाव, वर्ष, प्रसंग आणि त्यात कोण आहे, हे सांगणारी जुनी माणसे हयात असतील तोवर लिहून घ्यावे. कॅसेट उभी ठेवावी, ओल आणि ऊन यांपासून दूर. बुरशीचा पांढरा थर दिसला, तर ती यंत्रात घालू नये. फीतही जाते आणि यंत्राचे चुंबकही. आणि उतरवून घ्यायला दिली, तर कॅसेट परत आल्यावर संगणकातले चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बसून पाहावे, शक्यतो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, आवाजासकट. आणि त्यानंतरही मूळ कॅसेट टाकू नये.